जिवंत लॉबस्टर शनिवारी आणून रविवारी शिजवायचे आहेत, तोवर कसे ठेवू?

मीठभाकर

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर राहणाऱ्या आणि कोकणातल्या, दोन्हीकडच्या जाणकारांना प्रश्न आहे.

बॉस्टनजवळ राहते. रविवारी दुपारी सहा जण जेवायला आहेत, सव्वा-सव्वा पौंडाचे सहा जिवंत लॉबस्टर घ्यायचं ठरलंय. ज्या धक्क्यावरून घेणार तिथली विक्री रविवारी बंद असते, त्यामुळे शनिवारी दुपारीच आणावे लागतील. म्हणजे शिजेपर्यंत २० ते २२ तास घरात. तिघांनी तीन सल्ले दिलेत. शेजारी म्हणतात, टबमध्ये गार पाणी भरा, मीठ टाका आणि सोडून द्या. विकणारा म्हणतो, नुसते फ्रिजमध्ये ठेवा. अलिबागहून आलेली मावशी म्हणते, फ्रिजमध्ये मरतील, ओल्या गोणपाटात गुंडाळून ओट्याखाली ठेव, शेवंडी (कोकणातले काटेरी लॉबस्टर) तशाच ठेवतात.

यातलं खरं कुठलं? नांग्यांना लावलेली रबरं काढायची का? रात्री काही खायला घालायचं का? आणि सकाळी एखादा मेलेला निघाला तर?

खाडीकाठ

विकणारा बरोबर आहे. मावशीही तिच्या शेवंडीपुरती बरोबर आहे. टबच्या सल्ल्याने मात्र सहाच्या सहा जातील.

लॉबस्टरचे कल्ले कवचाखाली, पायांच्या मुळाशी दोन्ही अंगांच्या कप्प्यांत असतात. ते ओले असेपर्यंत त्याला हवेतलाही ऑक्सिजन थोडाफार घेता येतो. वाळले की कल्ल्यांचे तंतू एकमेकांना चिकटतात आणि तो गुदमरतो. गारव्यात त्याची ऑक्सिजनची गरजच खूप खाली येते. त्यामुळे पाण्याबाहेर आहे म्हणून तो लगेच मरत नाही. मरतो तो कोरडा पडून, तापून किंवा बंद पिशवीत कोंडून.

फ्रिज १ ते ४ अंश सेल्सिअसला हवा, म्हणजे फॅरनहाइटमध्ये ३४ ते ३९. घरचे फ्रिज बहुतेक याच टप्प्यात असतात, तरी एक साधा थर्मामीटर आत ठेवून बघा. दारातलं आणि मागच्या भिंतीजवळचं तापमान बरंच वेगळं निघतं. भिंतीला टेकलेला लॉबस्टर गोठू शकतो, आणि गोठला की संपला.

खोलगट ट्रेमध्ये जाळी ठेवा. जाळी नसेल तर वर्तमानपत्राची जाड घडी. अंगातून गळणारं पाणी खाली साचतं, त्यात तो बसता कामा नये. मग लिटरभर गार पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवा (टेबलस्पूनने सपाट दोन), त्यात वर्तमानपत्राचे कागद भिजवून पिळून घ्या. कागद ओला असावा, ठिबकत नसावा. प्रत्येक लॉबस्टर वेगळा, सैलसर गुंडाळायचा: पोट खाली, शेपटी आत दुमडलेली, तोंडाकडची बाजू मोकळी. एकच थर, एकमेकांवर रचायचे नाहीत. वरून एक ओलं फडकं. प्लास्टिकचं आवरण किंवा घट्ट झाकण अजिबात नको. भाजीच्या खणात ठेवणार असाल तर खण इंचभर उघडा ठेवा. झोपण्यापूर्वी एकदा आणि सकाळी उठल्यावर एकदा कागद चाचपून बघा, वाळायला लागला असेल तर त्याच मिठाच्या पाण्याचा हात फिरवा. विकणाऱ्याने समुद्री शेवाळ दिलं तर घ्याच, कागदापेक्षा ते जास्त वेळ ओल धरतं.

खरी लढाई खरेदीच्या वेळीच निम्मी जिंकली जाते. प्रत्येक नग पाठीवरून, डोक्यामागच्या कवचाला धरून उचलायला सांगा. तरतरीत असेल तर शेपटी फटाफट आत मारतो, नांग्या वर उगारतो. नांग्या आणि शेपटी लोंबकळत राहिली तर नको म्हणा. अशा मलूल मालाला तिकडचे व्यापारी ‘स्लीपर’ म्हणतात आणि तो स्वस्तात काढतात. आज रात्री शिजवणाऱ्याला चालेल, तुम्हाला नाही. मिशा लांब आणि अखंड असाव्यात. झिजून आखूड झाल्या असतील तर तो बरेच दिवस टाकीत दाटीवाटीने राहिलेला असण्याची शक्यता जास्त.

दुसरी परीक्षा कवचाची. डोक्यामागच्या कवचाच्या दोन्ही बाजू अंगठा आणि बोटांत धरून हलकेच दाबा. दबलं तर त्याने नुकतीच कात टाकलेली आहे. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत असा मऊ कवचाचा माल भरपूर येतो आणि पौंडामागे स्वस्तही असतो. पण त्या नव्या, मोठ्या कवचात मांस कमी आणि पाणी जास्त, शिवाय तो प्रवास आणि साठवण सोसत नाही. रात्रभर ठेवायचा तर दोन पैसे जास्त गेले तरी टणक कवचाचाच घ्या. टणक कवचाचा नीट ठेवला तर २४ तास आरामात, ३६ तास ताणून. मऊ कवचाचा त्याच रात्री पातेल्यात.

रबरं शिजवेपर्यंत काढायची नाहीत, तुमच्या बोटांसाठीही आणि एकमेकांसाठीही. खायला काही घालू नका. उपाशी राहून काही बिघडत नाही, उलट आतडं रिकामं होतं.

क्षारमापी

टबमध्ये नेमकं काय होतं ते सांगतो, म्हणजे शेजाऱ्यांना उत्तर देता येईल.

पहिला मारेकरी पाण्याचा गोडेपणा. लॉबस्टरच्या रक्तातली क्षारता समुद्राच्या पाण्याइतकीच असते. गोड्या पाण्यात कल्ल्यांतून पाणी आत घुसत राहतं आणि ते बाहेर टाकायची सोय त्याच्या शरीरात नाही. अंदाजाने चार मुठी मीठ टाकून हे सुटत नाही. १५० लिटरच्या टबाला लिटरमागे ३५ ग्रॅमने सव्वापाच किलो क्षार लागतो. तोही स्वयंपाकाच्या मिठाचा नव्हे. कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम असलेला मत्स्यटाकीसाठीचा समुद्री क्षार.

दुसरा मारेकरी नळाचं पाणी. बॉस्टन आणि आसपासच्या बऱ्याच गावांना एमडब्ल्यूआरए ही संस्था पाणी पुरवते आणि त्या पाण्यात मोनोक्लोरामाइन असतं. साधं क्लोरीन भांडं रात्रभर उघडं ठेवलं की बरंचसं उडून जातं, क्लोरामाइन तसं जात नाही. त्यासाठी मत्स्यटाकीच्या दुकानात मिळणारं सोडियम थायोसल्फेटचं औषध घालावं लागतं. ते क्लोरामाइन फोडतं तेव्हा अमोनिया सुटतो, म्हणून अमोनियाही बांधून ठेवणारं औषध निवडायचं.

तिसरा ऑक्सिजन. २० अंशांच्या समुद्रपाण्यात लिटरमागे साधारण साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, म्हणजे २० लिटरच्या बादलीत झाला दीडशे मिलिग्रॅम. तीन-चार घाबरलेले लॉबस्टर तो तासा-दोन तासांत संपवतात. नंतर ते स्तब्ध पाण्यात अक्षरशः बुडून मरतात, जे ओल्या कागदात झालं नसतं. ५ अंशांच्या पाण्यात ऑक्सिजन जवळपास १० मिलिग्रॅम मावतो आणि गरजही कमी असते, म्हणून व्यापाऱ्यांच्या टाक्यांना चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, लागतो. त्या टाक्या ४ ते ८ अंशांच्या आसपास चालतात.

चौथा अमोनिया. पाण्याबाहेर असताना लॉबस्टरच्या अंगात अमोनिया साचतो आणि पाण्यात परत सोडला की पहिल्या काही तासांत तो भसाभस बाहेर टाकतो. दुकानाच्या टाकीला हे सोसतं, कारण तिच्या फिल्टरमध्ये अमोनिया पचवणारे जीवाणू वाढलेले असतात. हे जीवाणू कोमट पाण्यातसुद्धा रुजायला चार ते सहा आठवडे घेतात, थंड पाण्यात त्याहून जास्त. शुक्रवारी विकत आणलेला कोरा फिल्टर शनिवारी काहीच करत नाही, फक्त पाणी फिरवतो.

ज्यांना वर्षभर हा उद्योग करायचाच आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: नगामागे किमान ४० लिटर पाणी, क्षारता लिटरमागे ३० ते ३५ ग्रॅम (हायड्रोमीटरवर विशिष्ट गुरुत्व १.०२३ ते १.०२६), चिलर, दिवसरात्र हवेचा पंप, रुजलेला फिल्टर, अमोनियाची चाचणी रोज. सोडताना तिरका धरून सावकाश बुडवा, कवचाखाली अडकलेले हवेचे बुडबुडे निघून जाऊ देत. आणि पाण्याच्या वाटेत तांबं किंवा पितळ कुठेही नको, नळाच्या जोडात किंवा चिलरच्या नळीतसुद्धा. कवचधारी प्राण्यांना तांबं अगदी थोड्या प्रमाणातही विषारी असतं. आजीचं घंगाळ कितीही देखणं असलं तरी त्यात लॉबस्टर सोडायचा नाही.

एका जेवणासाठी यातलं काहीही करणं म्हणजे वेळ आणि पैसे दोन्ही पाण्यात.

मीठभाकर

टब रद्द. दोघांचेही आभार.

पण अडचण अशी की फ्रिज गच्च भरलेला असणार, सहा नग एका थरात मावणार नाहीत. मोठा कूलर आहे, ४५ लिटरचा. तो चालेल का? आणि मागे दुकानात बघितलं होतं, काही लॉबस्टर तोंडापाशी फेस काढत होते. तो आजार असतो का?

खाडीकाठ

कूलर चालेल, फक्त बर्फ सुटा टाकायचा नाही. वितळलेला बर्फ म्हणजे गोडं पाणी, आणि तळाशी साचलं की खालचे नग त्यात बसून राहतात.

तळाला गोठवलेल्या जेलच्या पिशव्या किंवा घट्ट बुचाच्या बर्फाच्या बाटल्या. त्यावर कोरड्या वर्तमानपत्राची बोटभर जाड घडी, नाहीतर थेट थंडीने पोटाकडचा भाग गोठतो. घडीवर ओल्या कागदात गुंडाळलेले लॉबस्टर, वर ओलं फडकं, त्यावर आणखी एक जेलची पिशवी, तीही टॉवेलात गुंडाळून. तळाच्या पाणी सोडायच्या भोकाचं बूच काढून ठेवा आणि झाकणात पेन्सिल अडकवून बारीक फट राहू द्या. आत थर्मामीटर. ७ अंशांच्या वर गेलं की बर्फ बदला. उन्हाळ्यात ६ ते ८ तासांनी बदलावा लागेल, म्हणून पिशव्यांचा दुसरा संच फ्रीझरमध्ये तयार हवा. शनिवारी धक्क्यावर जातानाच हा कूलर गार करून न्या. गाडीच्या डिकीत उन्हात काढलेला अर्धा तास रात्रभराच्या हलगर्जीपेक्षा महागात पडतो.

फेस हा आजार नाही. पाण्याबाहेर आल्यावर कल्ल्यांतून पाणी फिरवणारी तोंडाजवळची वल्ह्यासारखी अवयवजोडी हवा आणि पाणी घुसळते, त्याचा फेस होतो. ताण आहे एवढाच अर्थ. थंडीत गुंडाळून शांत ठेवला की बहुधा थांबतो. फेसासोबत नांग्याही लोंबत असतील तर मात्र तो पहिला शिजवायचा.

चढवताना-उतरवताना पाय किंवा नांगी तुटली तर तिथून रक्त गळतं. ते बिनरंगी किंवा किंचित निळसर असतं, कारण त्यात लोहाऐवजी तांबं असतं. बघणाऱ्याला पाणीच वाटतं. असा नगही रात्रभर ठेवू नका.

वरचीआळी

मावशींची बाजू मांडतो, कारण त्या सांगतायत ते कोकणात शंभर टक्के खरं आहे आणि त्यांचं ऐकून बॉस्टनचे लॉबस्टर ओट्याखाली ठेवले तर तेही मरतील.

आपल्याकडची शेवंड वेगळी. तिला मोठ्या नांग्या नसतात. काटेरी मिशा, डोळ्यांवर शिंगं आणि शेपटीवर आडवे फिकट पट्टे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मुख्यतः मिळते ती चिखलट तळावर राहणारी पॅन्युलिरस पॉलिफॅगस. तिचं पाणी २५ अंशांच्या आसपासचं. तिला ४ अंशांच्या फ्रिजमध्ये ठेवलं की काही तासांत पाय आखडतात आणि ती पुन्हा हलत नाही. मेनच्या (बॉस्टनच्या उत्तरेचं किनारी राज्य) लॉबस्टरला तेच ४ अंश म्हणजे हिवाळ्यातला समुद्र. जनावर बदललं की तापमान बदलतं, बाकी ओल आणि हवा दोघांनाही तीच.

शेवंडीसाठी १५ ते २० अंश धरा. गोणपाट समुद्राच्या पाण्यात (नसेल तर वर सांगितलेल्या ३५ ग्रॅमच्या पाण्यात) भिजवून घट्ट पिळायचं, शेवंड पोटावर ठेवून गुंडाळायची, थर्माकोलच्या पेटीत ठेवायची. पेटीच्या एका कोपऱ्यात कापडात गुंडाळलेली बर्फाची बाटली, झाकणाला दोन-चार भोकं. एकदम गार करायचं नाही. आधी तासभर सावलीत, मग पेटीत. भिवंडीच्या मे महिन्यात पेटीशिवाय नुसत्या गोणपाटात ओट्याखाली ठेवलीत तर संध्याकाळपर्यंतसुद्धा भरवसा नाही. थंडीच्या दिवसांत अलिबागला मावशींचं बरोबर जमत असणार.

उचलायची पाठीवरून. मिशांना धरून उचललं की मिश्या मुळातून तुटतात आणि जनावर खचतं. शेपटीच्या कडांना करवतीसारखे काटे असतात, हातात जाड फडकं घ्या. उचलल्यावर मिशांच्या मुळातून करकर आवाज काढत असेल तर माल ताजा आणि जोमदार.

घेताना आणखी एक बघा. पोटाखाली केशरी-तपकिरी अंड्यांचा घोस असलेली मादी घेऊ नका. मेनमध्ये अशी मादी बाळगणंच बेकायदा आहे, पकडली तर शेपटीला व्ही आकाराची खाच मारून समुद्रात सोडतात आणि खाच दिसली की पुढे कुणीही ती ठेवायची नाही. आपल्याकडे २००३ पासून निर्यातीसाठी किमान वजन ठरलेलं आहे, या जातीला ३०० ग्रॅम. स्थानिक बाजारात मात्र त्याहून लहान शेवंडी सर्रास दिसतात. त्यात मांसही नसतं आणि उद्याची पैदासही जाते. मुंबईसमोरच्या चपट्या लॉबस्टरची मासेमारी अशीच ओरबाडून १९९० च्या दशकात बसली, ती डोळ्यांसमोर असूनही.

चिंबोऱ्यांचं विचारलं नाहीत, पण कुणीतरी विचारेलच. खाडीतली चिंबोरी या सगळ्यांत चिवट. डेंगे बांधलेलेच ठेवायचे, ओल्या गोणपाटाखाली टोपलीत, २० ते २५ अंशांत, वाऱ्याच्या झोताबाहेर. दिवसातून दोनदा खाऱ्या पाण्याचा शिपका. तीन दिवस सहज राहते. बादलीत पाणी भरून त्यात सोडलीत तर शिळ्या पाण्यात गुदमरून त्याच रात्री जाते. फ्रिजमध्ये ठेवू नका. जिवंत आहे का ते डोळ्याला काडी लावून कळतं, डोळा आत ओढला पाहिजे. पाठीवर तीन ठिपके असलेला समुद्रातला खेकडा मात्र पाण्याबाहेर फार टिकत नाही, तो बर्फावरचाच घ्यायचा आणि त्याच दिवशी शिजवायचा.

तवागरम

एवढं सगळं कशाला? मेला तर मेला, फ्रिजमध्येच असतो ना? कोळंबी कुठे आपण जिवंत आणतो?

सुरीधार

कोळंबीचं डोकं काढून ठेवलं की ती टिकते, कारण बिघाड डोक्यातून सुरू होतो. लॉबस्टरचंही तेच. त्याच्या डोक्याखालच्या कवचात हिरवट पाचकग्रंथी असते. जिवंत असेपर्यंत तिच्यातले पाचकरस आपल्या जागी असतात. मेला की ते शेपटीच्या मांसात उतरतात आणि मांस भुसभुशीत, पिठासारखं होतं. शिवाय अंगावरचे आणि आतड्यातले व्हिब्रिओसारखे समुद्री जीवाणू झपाट्याने वाढतात. उकळल्यावर जीवाणू मरतात, पण काही जीवाणूंनी तोवर तयार केलेली विषं उष्णतेने जात नाहीत.

व्यवहारात नियम असा. तुमच्या डोळ्यांदेखत मलूल होत असेल तर तो मरायची वाट न बघता लगेच शिजवा, मांस काढून फ्रिजमध्ये ठेवा. रात्री कधी गेला ते माहीत नसेल तर टाकून द्या. अमोनियाचा वास आला तर चर्चाच नको. थंडीत लॉबस्टर फार मंद होतो, त्यामुळे सकाळी मेल्यासारखा दिसला तरी घाई करू नका. बाहेर काढून दहा मिनिटं ठेवा, शेपटी सरळ करून सोडा, डोळ्याजवळ आणि तोंडाच्या अवयवांवर बोट लावा. शेपटी सावकाश का होईना आत वळली, तोंडाजवळ हालचाल दिसली तर जिवंत आहे. शिजल्यावर शेपटी घट्ट वळलेली असणं ही चांगली खूण; सैल, सरळ शेपटी आणि लिबलिबीत मांस दिसलं तर तो नग ताटात नको.

मारण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. थेट उकळत्या पाण्यात टाकू नका. स्वित्झर्लंडमध्ये १ मार्च २०१८ पासून आधी बेशुद्ध न करता उकळणं बेकायदा आहे, आणि जिवंत लॉबस्टर बर्फावर किंवा बर्फाच्या पाण्यात ठेवून नेणंही. घरी करण्यासारखं: शिजवण्यापूर्वी २० ते ३० मिनिटं फ्रीझरमध्ये. त्याहून जास्त नको, मांस गोठायला लागतं. हालचाल थांबली की पाटावर पोट खाली ठेवा, शेपटी फडक्याने दाबून धरा. डोक्याच्या कवचावर मधोमध एक आडवी खाच दिसते. जड, टोकदार सुरीचं टोक तिच्या मध्यावर उभं रोवून पाटापर्यंत दाबा आणि पातं डोळ्यांच्या दिशेने खाली आणा. एवढ्यावर थांबू नका. लॉबस्टरचा मेंदू एकाच जागी नसतो, मज्जागाठींची माळ डोक्यापासून शेपटीपर्यंत पोटाच्या बाजूने गेलेली असते. म्हणून सुरी उलटी फिरवून उरलेलं धडही उभं चिरा. अख्खा हवा असेल तर उलटा करून पायांच्या मधल्या रेषेवर सुरीचं टोक खोलवर ओढा. त्यानंतरही पाय हलतात, ती नुसती स्नायूंची थरथर.

उकडायला नगामागे तीन लिटर पाणी धरा, लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ. सहा एकदम घालू नका, पाणी थंड पडतं आणि वेळेचा हिशेब चुकतो, दोन-दोन घाला. पाण्याला पुन्हा उकळी फुटल्यापासून मोजायचं: एक पौंडाला ८ मिनिटं, सव्वा पौंडाला ९ ते १०, दीड पौंडाला ११ ते १२. वाफेवर प्रत्येकी दोन-तीन मिनिटं जास्त. कवच मऊ असेल तर दोन मिनिटं कमी. कवच लाल झालं म्हणजे शिजला असं नाही, ते शिजण्याच्या बरंच आधी लाल होतं. शेपटीच्या जाड भागात थर्मामीटर खुपसून ६३ अंश बघा.

हिरवी ग्रंथी, जिला तिकडे टोमॅली म्हणतात, ती चिंबोरीच्या लाखेसारखी चाटूनपुसून खायचा मोह होईल. नको. समुद्रात विषारी शैवालाचा बहर आला की ते विष तिथेच साठतं आणि शिजवून जात नाही. २००८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने ती न खाण्याचा सल्ला दिला होता. मादीच्या आतली लाल गाभोळी वेगळी, ती खुशाल खा.

मीठभाकर

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. मावशीलाही वाचून दाखवलं, ती म्हणते “बघ, शेवंडीचं बरोबरच सांगत होते.”

शेवटचा प्रश्न. लोणी लावून अख्खे वाढायचे नाहीयेत, ओल्या खोबऱ्याचं कालवण करायचंय. त्याने काही फरक पडतो का?

खाडीकाठ

खूपच पडतो, आधी सांगायचं ना! कालवण असेल तर रात्रभर जिवंत ठेवायचा खटाटोपच नको. शनिवारी आणल्या आणल्या सुरीधार यांनी सांगितल्याप्रमाणे मारून उकडा, फक्त वेळ कमी: सव्वा पौंडाला ५ मिनिटं. लगेच बर्फाच्या पाण्यात टाका म्हणजे आतली उष्णता शिजवत राहणार नाही. आता तो शिजायचाच आहे, त्यामुळे गोड्या पाण्याची भीती नाही. शेपटी आणि नांग्यांचं मांस मोठ्या तुकड्यांत काढा, शेपटीतला काळा दोरा ओढून टाका, झाकणाच्या डब्यात फ्रिजच्या सगळ्यात थंड भागात ठेवा. मांस अर्धकच्चं आहे, तेव्हा दुसऱ्या दिवशीच वापरायचं. डबा फ्रिजच्या कोपऱ्यात मावतो आणि मऊ कवचाचा स्वस्त मालही चालून जातो, फक्त मांस कमी निघतं म्हणून दोन नग जास्त घ्या.

डोक्याची कवचं टाकू नका. हिरवी ग्रंथी आणि कल्ले काढून कवचं ठेचा, कांद्यावर परतून दीड लिटर पाण्यात अर्धा तास मंद उकळा आणि गाळून घ्या. रविवारी वाटण परतून त्यात हे पाणी घाला, चिंच किंवा कोकम पडून रस्सा उकळला की शेवटी मांस सोडा आणि तीन-चार मिनिटांत, तुकडे आतपर्यंत पांढरे आणि कढत झाले की गॅस बंद.

सुरीधार

आणि रस्सा चाखूनच मीठ घाला. उकडतानाचं मीठ मांसात आधीच गेलेलं असतं, कवचांच्या पाण्यातही उतरतं.